एक सेमिस्टर परदेशात: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांसाठी सुरुवातीपासून सगळं

परत आल्यापासून ओळखीतली, ओळखीच्यांच्या ओळखीतली पोरं फोन करायला लागलीत, "अक्का, ते एक्सचेंजचं नेमकं कसं असतंय?" प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसायची वेळ आली म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना एक सेमिस्टर जर्मनीत होते, त्यामुळे खाली जे आकडे आणि नियम आहेत ते जर्मनीचे. फ्रान्स, फिनलंड, जपान कुठेही जाणार असाल तर तिथलं वेगळं असणार पण कामांचा क्रम साधारण हाच.

आणि एक गोष्ट आधीच. आपल्याकडे सगळे म्हणतात की परदेशात सहा महिने राहिलं की पोरात बदल होतो, कॉन्फिडन्स येतो, वगैरे. विमानात बसल्यामुळे कुणाला काही येत नाही हो. तिथे एकटीने केलेल्या रटाळ कामांतून येतं, आणि ती कामं इथेच सुरू होतात, पासपोर्टच्या फॉर्मपासून. फॉर्म एजंटने भरला, अपॉइंटमेंट मामाने काढली, बँकेत बाबा उभे राहिले असं झालं तर पोरगं तिकडे गेल्यावरही पहिल्या दिवसापासून कुणाचा तरी हात शोधत बसतं, अशी दोन-चार मी बघितलीत. त्यामुळे या अख्ख्या लेखात माझा हट्ट एकच, जे जे स्वतःला जमेल ते स्वतः करा, वेळ लागला तरी.

१. कधी जायचं आणि कशाला

कधी हा प्रश्न सोपा आहे, पाचवं किंवा सहावं सेमिस्टर. त्याच्या आधी विषयांचा पाया कच्चा असतो आणि सातव्याला कॅम्पस प्लेसमेंट सुरू होतं, त्यात तुम्ही तिकडे आणि कंपनी इकडे. जर्मनीत हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबर ते मार्च आणि उन्हाळी एप्रिल ते सप्टेंबर असतं, आपल्या कॅलेंडरशी ते अजिबात जुळत नाही, म्हणजे मागची परीक्षा संपायच्या आत निघायचं किंवा पुढचं सेमिस्टर सुरू झाल्यावर परत यायचं असली ओढाताण होणारच, ती आधी कागदावर मांडून बघा. तयारीला जवळजवळ वर्ष लागतं असं धरा.

कशाला हा प्रश्न अवघड. "एक्स्पोजर पाहिजे" हे उत्तर नाही. मोटिव्हेशन लेटरमध्येही (मला का यायचंय हे सांगणारं अर्जाबरोबरचं पत्र) हेच लिहावं लागणार आहे तर आत्ताच लिहून काढा, कुठला विषय इथे शिकायला मिळत नाही, कुठली लॅब बघायचीय, आणि त्याच्या खाली प्रामाणिकपणे तेही लिहा जे लेटरमध्ये जाणार नाही, जसं की मला कधीच एकटं राहता आलेलं नाही, मी चारचौघांत बोलत नाही, मला भात सोडून काही करता येत नाही. हा दुसरा कागद जपून ठेवा. तिथे गेल्यावर आपण काय करायला आलोय हे विसरायला होतं आणि मग त्याचा उपयोग होतो.

२. कॉलेजमध्ये कुणाला गाठायचं

तुमच्या कॉलेजचा किंवा युनिव्हर्सिटीचा कुणाकुणाशी करार आहे ते इंटरनॅशनल रिलेशन्सच्या ऑफिसात विचारा. वेबसाइटवर दहा नावं असतात, त्यातले चालू किती आणि नुसते फोटो काढण्यापुरते किती हे तिथे बसणाऱ्या माणसालाच माहीत असतं. करारातून गेलात तर फी इथलीच भरायची, तिकडची ट्युशन फी माफ असते. स्वतःहून गेलात तर सगळा भार तुमचा. इरॅस्मस प्लस या युरोपियन युनियनच्या योजनेची स्कॉलरशिप तुमच्या कॉलेजच्या करारात असेल तर सोन्याहून पिवळं, महिन्याला आठशे ते नऊशे युरोच्या घरात मिळतात आणि प्रवासखर्चाला वेगळे.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद, लर्निंग ॲग्रीमेंट. तिकडे कुठले विषय घेणार आणि त्याच्या बदल्यात इथले कुठले विषय सुटणार याचा हा करार, त्यावर तुमची, तुमच्या कॉलेजची आणि तिकडच्या युनिव्हर्सिटीची अशा तिघांच्या सह्या लागतात. युरोपात एका सेमिस्टरला ३० ईसीटीएस क्रेडिट धरतात, आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचा अभ्यास, यात लेक्चर, वाचन, प्रोजेक्ट सगळं आलं. आपल्या क्रेडिटचा हिशोब वेगळा असतो, त्यामुळे नुसती विषयांची नावं जुळवून भागत नाही, दोन्हीकडचा सिलॅबस छापून शेजारी शेजारी ठेवून एचओडींसमोर बसायचं. कॉलेज ऑटोनॉमस असेल तर बराचसा निर्णय कॉलेजातच होतो, पण नुसतं संलग्न असेल तर फाइल युनिव्हर्सिटीपर्यंत, म्हणजे आपल्या मच्छेतल्या व्हीटीयूपर्यंत जाते. मच्छेला जाऊन फाइल कुठवर आलीय ते बघून यायला आपल्याला अर्धा तास लागतो, बेळगावात राहायचा हा एक फायदा तरी घ्या की.

इथे फसू नका: "तू जाऊन ये, आल्यावर बघू" हे वाक्य कितीही प्रेमाने कुणी म्हटलं तरी सही घेतल्याशिवाय निघायचं नाही. आल्यावर एचओडी बदललेले असतात. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचे दोन विषय असेच लटकले आणि त्याला ते ज्युनिअरांबरोबर बसून परत द्यावे लागले.

३. कागदपत्रं

आपल्या भागातल्या पोरांची खरी गंमत इथे आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

लागणारे कागद साधारण असे:
- पासपोर्ट, परत यायच्या तारखेनंतरही काही महिने चालणारा
- दहावी-बारावीची मार्क्स कार्डं आणि आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरची ट्रान्सक्रिप्ट
- तिकडच्या युनिव्हर्सिटीचं ॲडमिशनचं किंवा एक्सचेंजचं पत्र
- इथल्या कॉलेजचं बोनाफाइड आणि एनओसी
- लर्निंग ॲग्रीमेंट
- पैशांचा पुरावा
- आरोग्य विम्याचा कागद
- राहायच्या जागेचा पुरावा, असेल तर
- ३५ बाय ४५ मिलिमीटरचे बायोमेट्रिक फोटो (फोटोवाल्याला आकडे सांगा, नाहीतर तो नेहमीचा पासपोर्ट साइज देतो)
- इंग्लिशच्या परीक्षेचा निकाल किंवा इंग्लिश माध्यमाचं पत्र

पासपोर्टसाठी बेळगावात पोस्टातलं सेवा केंद्र आहे, तारीख मिळाली नाही तर हुबळी. साध्या ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये, तत्काळला वर २००० जास्त. फॉर्म ऑनलाइन तासाभरात भरून होतो, त्याला एजंट कशाला.

पण नावाचं बघा. आपण मराठीत नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. कुणाच्या एसएसएलसीच्या (कर्नाटकातली दहावी) मार्क्स कार्डवर आडनाव आधी येतं, कुणाच्या नुसतं इनिशियल, आणि कानडीतून इंग्लिशमध्ये येताना महादेवचा महादेवा झालेला असतो. आधारवर तिसरंच. पासपोर्टला आडनावाचा रकाना वेगळा असतो, तो रिकामा सोडू नका. सगळे कागद टेबलावर पसरून स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा, जिथे फरक आहे तिथे दुरुस्ती करून घ्या आणि दुरुस्तीला वेळ नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं ॲफिडेव्हिट नोटरीकडून करून ठेवा.

दुसरं गावाच्या नावाचं. १ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्लिशमध्ये बेळगावचं अधिकृत स्पेलिंग बदललं, म्हणजे तुमच्या जन्माच्या दाखल्यावर जुनं आणि आधारवर नवं असणार. तिकडच्या ऑफिसातल्या बाईला ही दोन वेगळी शहरं वाटतात, आणि तिला वाटलं तर तिचं काय चुकलं. सगळ्या फॉर्मवर पासपोर्टवर जे आहे तेच लिहा, त्यात आपली मतं घालू नका, मत मांडायला दुसऱ्या जागा आहेत.

तिसरं, कानडीतले कागद. जन्माचा दाखला, नाडकचेरीतून काढलेला उत्पन्नाचा दाखला, शेतीचा उतारा, यातलं जे काही तिकडे दाखवायचं असेल त्याचं इंग्लिश भाषांतर नोटरी करून घ्यावं लागतं. आणि चंदगड-कोल्हापूरकडे बारावी करून मग बेळगावात आलेल्यांनी लक्षात ठेवा, अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का) करायची वेळ आलीच तर कागद ज्या राज्यात निघाला त्या राज्याचं साक्षांकन आधी लागतं, म्हणजे महाराष्ट्र बोर्डाचा कागद बेंगळुरूत होत नाही. एक्सचेंजला शक्यतो हे मागत नाहीत, मागितलं तरच त्या भानगडीत पडा.

४. पैसे, आणि घरच्यांशी बोलणं

घरी नुसतं "मला जायचंय" म्हटलं की पहिला प्रश्न किती लागणार. त्याचं उत्तर तयार नसेल तर बोलणं तिथेच संपतं. म्हणून आकडे:

जर्मन व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो, एका युरोला शंभर रुपये धरले तर सहा लाखांच्या आसपास. ते ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवायचे, म्हणजे तिथे गेल्यावर दर महिन्याला ठरलेली रक्कम तुम्हाला मिळत जाते, पैसा कुणी खात नाही, हे बाबांना दोनदा सांगा. स्कॉलरशिपचं पत्र असेल तर तेवढ्या रकमेपुरता हा भार कमी होतो. हॉस्टेलची खोली महिना २५० ते ४०० युरो, सरकारी आरोग्य विमा १४० च्या वर, बाकी खाणं. एका वर्षात बाहेर पाठवलेले पैसे १० लाखांच्या आत असतील तर त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर, लागत नाही.

तिकडे नोकरी करून खर्च भागवू असं मनात असेल तर ते डोक्यातून काढा. कायद्याने वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं हे खरं, पण भाषा येत नसताना, एका सेमिस्टरसाठी, पहिले दोन महिने तर नोंदणी आणि थंडीत जातात. एका सेमिस्टरसाठी मोठं कर्ज काढावं असंही मला वाटत नाही, त्यापेक्षा स्कॉलरशिपवाला करार शोधण्यात दोन महिने जास्त घालवा. हे माझं मत, पटलं तर घ्या.

आईचा प्रश्न पैशाचा नसतो, तिचा प्रश्न "खाशील काय" हा असतो, त्याचं पुढे बघू.

५. व्हिसा

९० दिवसांच्या वर राहायचं असेल तर शेंगेन टुरिस्ट व्हिसा चालत नाही, नॅशनल व्हिसा लागतो, फी ७५ युरो, रुपयांत भरायची. आपल्याला मुंबई-पुणे आपलं वाटतं, तिकडे मावशी असते, पण व्हिसाची हद्द तुम्ही राहता त्या राज्यावर ठरते, कर्नाटकच्या पत्त्याला बेंगळुरूचं जर्मन कॉन्सुलेट. मुंबईची अपॉइंटमेंट काढून, सुट्टी टाकून, रांगेत उभं राहिल्यावर परत पाठवलेली माणसं आहेत.

बेंगळुरूला रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने जावा, सकाळी पोचता, दुपारपर्यंत काम, रात्री परत. फाइल दोन सेटमध्ये, चेकलिस्टच्या क्रमाने, मूळ कागद वेगळ्या पाकिटात. चेकलिस्ट कॉन्सुलेटच्या साइटवरूनच घ्या कारण एक्सचेंजवाल्यांचे आणि डिग्रीला जाणाऱ्यांचे नियम वेगळे असतात, मित्राने पाठवलेली दोन वर्षांपूर्वीची पीडीएफ कामाची नाही. काउंटरवर विचारतात की एकच सेमिस्टर का, परत कधी येणार, कुठले विषय. पाठ केलेलं इंग्लिश बोलू नका, लर्निंग ॲग्रीमेंटमध्ये काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत असलं म्हणजे झालं.

व्हिसा हातात आला की त्यावरची शेवटची तारीख बघा. परीक्षेच्या आधी संपत असेल तर तिकडे गेल्या गेल्या विदेशी नागरिकांच्या कार्यालयात मुदतवाढीची वेळ मागायची, आठवणीने.

६. बॅग

कुंदा नेता येत नाही. हो, मलाही वाईट वाटलं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यात खवा आला, तूप आलं, पनीर आलं. आई डबा बॅगेच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळून ठेवणारच, तो काढा आणि स्टेशनवर सोडायला आलेल्यांना वाटून टाका. मसाला तिखट, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले पोहे, कोकम, हळद हे सुकं सामान पॅक करून न्या. नाहीतर प्रत्येक बऱ्या शहरात आशियाई दुकान असतं, डाळ-तांदूळ मिळतो, फक्त आपलं तिखट मिळत नाही.

निघायच्या आधी दोन महिने घरच्या स्वयंपाकघरात जावा. रोज रात्रीचं जेवण तुम्ही करा आणि आईला बाहेर बसवा, पोरांनो तुम्हीही. भाकरी नाही आली तरी चालेल पण आमटी, उसळ, भात, अंडाकरी, थालीपीठ एवढं हात चालवता आलं पाहिजे. हॉस्टेलच्या एका किचनमध्ये सात-आठ जण असतात, तिथे उभं राहून आईला व्हिडिओ कॉल करून फोडणी विचारणारी पोरं बघितलीत.

प्लगचं: आपल्या चार्जरची बारीक दोन पिनवाली पिन तिकडे बसते, तीन पिनवाली जाड नाही. बाकी ॲडॉप्टर एक घ्या. रोजची औषधं डॉक्टरच्या इंग्लिश चिठ्ठीसकट.

७. पहिले दोन आठवडे

शनिवारी रात्री किंवा रविवारी पोचेल असं तिकीट काढू नका. रविवारी जर्मनीत दुकानं बंद, मोठ्या स्टेशनातली सोडली तर, आणि हॉस्टेलची किल्ली देणारा माणूसही नसतो. सोमवार-मंगळवारी सकाळी उतरा.

मग क्रमाने: खोलीत राहायला लागल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी पासपोर्ट आणि घरमालकाने किंवा हॉस्टेलने सही केलेला राहत असल्याचा फॉर्म. हा नोंदणीचा कागद मिळाला की पुढची बरीच दारं उघडतात, बँक, विमा, सगळं. नोंदणी झाली की काही आठवड्यांत रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र येतं, घरटी महिना १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी. हे फसवणुकीचं पत्र समजून फेकून देऊ नका, एकाच फ्लॅटमध्ये चौघं असाल तर एकानेच भरायचं आणि वाटून घ्यायचं.

आता यातला बेळगावचा भाग. नोंदणीच्या ऑफिसात माझ्यासमोर बसलेल्या बाई इंग्लिश बोलायला तयार नव्हत्या. येत असावं, पण नाही. माझ्या पुढची दोघं भारतीय मुलं, मोठ्या शहरातली, इंग्लिश फर्डं, ती एकदम गप्प झाली आणि नंतर येतो म्हणून निघून गेली. मला आठवली आमची नाडकचेरी. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी तिथे किती वेळा मोडक्या कानडीत, अर्ध्या हातवाऱ्यांनी, "सर, इदु... हे... फॉर्म" असं करत उभी राहिलेय, आणि काम करून घेऊन आलेय. घरी मराठी, शेजारी उर्दूमिश्रित हिंदी, ऑफिसात कानडी, कॉलेजात इंग्लिश हे आपल्याला लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं, चुकीच्या व्याकरणाची लाज कधीच मोडलेली असते. मी माझं ए-वन लेव्हलचं, म्हणजे अगदी पहिल्या पायरीचं जर्मन, बोटं आणि कागद दाखवत सगळं पार पाडलं, बाईंनी शेवटी एक शब्द सुधारून दिला. तुम्हाला तिकडे गेल्यावर वाटेल की बाकीचे सगळे आपल्यापेक्षा पुढारलेले आहेत, इंग्लिशमध्ये असतीलही, पण न येणाऱ्या भाषेत काउंटरवर टिकून राहायची सवय त्यांच्यातल्या कितीजणांना आहे ते बघा. ए-वन मात्र जायच्या आधी कराच, ऑनलाइन का होईना.

८. वर्गात

वेळापत्रकात १० सी.टी. असं लिहिलेलं असेल तर लेक्चर सव्वादहाला सुरू होतं. एस.टी. असेल तर दहाच्या ठोक्याला. हजेरी बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. इंटर्नल नाहीत, असाइनमेंटचे दहा मार्क नाहीत, सेमिस्टरच्या शेवटी एक परीक्षा आणि त्यावर सगळं. आपल्याकडे कुणीतरी सारखं मागे लागलेलं असतं, तिथे कुणी लागत नाही, आणि हे स्वातंत्र्य पहिल्यांदा फार गोड वाटतं आणि जानेवारीत पोटात गोळा येतो.

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात: विषयाला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नोंदवलं असं होत नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी, ऑनलाइन, ठराविक तारखांत. ती खिडकी चुकली की प्रोफेसर कितीही चांगले असले तरी काही करू शकत नाहीत. तारखा पहिल्याच आठवड्यात मोबाइलमध्ये टाका.

ग्रेड उलटे असतात, १.० सगळ्यात भारी, ४.० काठावर पास, ५.० नापास. घरी १.७ सांगितल्यावर काय होईल याचा विचार करून आधीच समजावून ठेवा.

आता वर्गातली एक गोष्ट. आमच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये चौघं होतो. मी माझा भाग दाखवला आणि टीममधल्या एकाने सरळ म्हटलं, "हे चुकीचं आहे, तिसऱ्या पायरीत तू गृहीत धरलेलं इथे लागू होत नाही." सगळ्यांसमोर. ना "छान आहे पण", ना काही. माझे कान तापले, मी गप्प बसले, घरी जाऊन याच्याशी परत बोलायचं नाही असंही ठरवलं. आणि मीटिंग संपल्या संपल्या तोच मला विचारतो, मेन्झाला (युनिव्हर्सिटीचं कॅन्टीन) जेवायला येतेस का? त्याच्या डोक्यात काहीच नव्हतं. तो माझ्या तिसऱ्या पायरीला बोलला होता, मला नाही. आपल्याकडे एखाद्याचं काम चुकलं म्हणून सांगायचं झालं तर आपण आधी त्याचा मूड बघतो, मग तिसऱ्याकडून निरोप देतो, आणि ऐकणारा ते आयुष्यभर लक्षात ठेवतो. मी तिथे हळूहळू दोन गोष्टी शिकले, ऐकून घ्यायला आणि, जास्त कठीण, तसं सांगायला. डिसेंबरमध्ये मी त्याच मुलाला त्याचा ग्राफ चुकलाय असं तोंडावर सांगितलं तेव्हा तो म्हणाला "अच्छा, कुठे?" एवढंच. व्यक्तिमत्त्व विकास म्हणतात तो मला विचाराल तर असा होतो, आणि तो होण्यासाठी मिक्स ग्रुप घ्यावा लागतो. सगळे भारतीय एका ग्रुपमध्ये बसलात तर प्रोजेक्ट लवकर होईल आणि बाकी काही होणार नाही.

प्रोफेसरांच्या भेटीच्या ठराविक वेळा असतात, मेल टाकून जावा, प्रश्न लिहून न्या. "सर, काही समजलं नाही" असं जाऊन सांगू नका, कुठपर्यंत समजलं ते सांगा.

९. एकटेपणा

याबद्दल कुणी आधी सांगत नाही. नोव्हेंबरपासून चार-साडेचारला अंधार पडतो, सूर्य दिसत नाही, रात्री दहानंतर आवाज करायचा नाही असा नियम, आणि खोलीत तुम्ही एकटे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, त्यानंतर आपल्यात आणि त्यांच्यात साडेचार तासांचं अंतर. तुम्ही मोकळे होता तेव्हा घरचे झोपलेले.

घरी रोज तासभर फोन करू नका. कठोर वाटेल, पण रोजचा व्हिडिओ कॉल चालू असला की माणूस शरीराने जर्मनीत आणि मनाने शहापुरातल्या माडीवर राहतो. रविवारी निवांत बोला, मधे दोन ओळींचा मेसेज. घरच्यांना हे निघायच्या आधी सांगा, नाहीतर त्यांना वाटतं पोरगी बदलली.

भारतीय मित्र जरूर ठेवा, दिवाळीला लागतातच. पण राहायला शक्यतो मिश्र फ्लॅट घ्या. मी फ्लॅटमधल्या सगळ्यांना शंकरपाळ्या आणि तिखट चिवडा केला होता, चिवडा खाऊन एकाला घाम फुटला आणि नंतर तोच डबा घेऊन गेला. आठवड्यातून एक तरी गोष्ट अशी ठेवा जिथे तुम्ही एकटेच भारतीय आहात, युनिव्हर्सिटीचे खेळांचे क्लास स्वस्त असतात, कॉयर म्हणजे एकत्र गाणाऱ्यांचा ग्रुप असतो, सायकल दुरुस्तीचा ग्रुप असतो.

एकटं जेवायला बसणं, एकटं फिरायला जाणं हेही जमवा. पहिल्यांदा सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटतं. कुणी बघत नसतं.

आणि झोप लागत नाही, उठावंसं वाटत नाही, रडू येतं असं दोन-तीन आठवडे चाललं तर याला होमसिक म्हणून सोडून देऊ नका. विद्यार्थ्यांसाठी समुपदेशन असतं, इंग्लिशमध्ये मिळतं, फुकट असतं, घरी कळवत नाहीत. इमर्जन्सीला ११२.

१०. परत येताना

शेवटच्या महिन्यात ही कामं: पत्त्याची नोंदणी रद्द करायची, विमा, सिम, जिम सगळ्यांना लेखी कळवून बंद करायचं (नुसतं निघून आलात तर बिलं येत राहतात), खोलीचं डिपॉझिट कुठल्या खात्यात येणार ते ठरवायचं आणि त्याआधी बँक खातं बंद करायचं नाही. बाटल्या परत करा, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या एकेका बाटलीमागे २५ सेंट मिळतात, कॉटखाली साठलेल्या असतात तेवढ्यात एक जेवण निघतं.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे तुम्ही सगळ्यांना नकोसे होता. "तिकडे असं नसतं" हे वाक्य दिवसातून एकदाच म्हणायची परवानगी आहे. आणि आपणच किती बदललो असं वाटत असताना आई पाण्याचा ग्लास हातात आणून देते आणि आपण घेतो, तेव्हा तो स्वतः उठून घ्या.

कॉलेजचं काम मात्र लगेच. तिकडच्या ग्रेडचा निकाल परीक्षेनंतर बऱ्याच आठवड्यांनी लागतो आणि ट्रान्सक्रिप्ट त्यानंतर, त्यामुळे इथल्या परीक्षा विभागाला आधीच अर्ज देऊन ठेवा की माझे मार्क्स येणार आहेत, नाहीतर त्या सेमिस्टरला गैरहजर लागतं आणि ते काढायला सहा महिने जातात. ट्रान्सक्रिप्टबरोबर तिकडची ग्रेडिंग स्केल समजावणारा कागद मागून घ्या, लर्निंग ॲग्रीमेंटची सही असलेली प्रत जोडा, एक सेट एचओडींना, एक परीक्षा विभागाला, आणि दोन्हीवर पोचपावतीचा शिक्का घ्या. मार्क्स कार्डावर ते विषय छापून आल्याशिवाय पाठपुरावा सोडू नका, दर सोमवारी जावा, कंटाळले तरी जावा.